अमेरिका 'ख्रिश्चन राष्ट्र' म्हणून स्थापन झाली होती का? मला तरी नाही वाटत

ऑस्टिनकर
टेक्सासने २०२५ मधे कायदा केला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा पोस्टर लावायचा, किमान १६ बाय २० इंच, दिसेल असा. लुइझियानाने आदल्याच वर्षी तसलाच कायदा केला होता आणि दोन्ही प्रकरणं लगेच कोर्टात गेली. यावर ऑफिसात जेवताना विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच, हा देश ख्रिश्चन राष्ट्र म्हणून उभा राहिला, मधे कोर्टांनी वाट लावली, आता आम्ही परत मूळ जागी नेतोय. मला यातला 'परत'च खटकतो.

१७८७ ची राज्यघटना काढून बघा. देवाचं नाव नाही. शेवटी तारीख लिहिताना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे 'आपल्या प्रभूच्या वर्षी' एवढं आलंय, बास. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की केंद्राच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. अधिवेशन अडलं तेव्हा म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं की रोज सकाळी प्रार्थना करूया, तर ते तसंच बारगळलं, आणि त्यानेच टिपून ठेवलंय की तीनचार जण सोडले तर कुणाला गरज वाटली नाही. १७९७ मधे त्रिपोलीशी तह झाला त्यात लिहून दिलं की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, आणि सिनेटने तो एकमताने मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सने सही केली.

घटनेत देव कुणी घातला माहितीये? १८६१ मधे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्या राज्यांनी. त्यांच्या घटनेच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान देवाची कृपा मागितलीये. इकडे उत्तरेतले पाद्री १८६४ मधे लिंकनकडे गेले की आपल्याही घटनेत येशूचं नाव घाला, म्हणजे तेव्हाच्या धार्मिक लोकांनाही माहीत होतं की ते नाव तिथे नाहीये! 'देवावर आमचा विश्वास' हे राष्ट्रीय ब्रीद १९५६ चं, शाळेतल्या प्रतिज्ञेत देव घातला १९५४ मधे, रशियाच्या नास्तिकांना खिजवायला. मूळ १८९२ ची प्रतिज्ञा एका बाप्टिस्ट पाद्र्याने लिहिलेली आणि त्यात देव नव्हता.

मतं मांडा. शिव्या नकोत.

तिखट_शेव
हा धागा शंभरी गाठणार. खुर्ची पकडून बसलोय.

जुना_वकील
ऑस्टिनकर, अर्धीच फाइल उघडलीत तुम्ही.

घटनेतली पहिली दुरुस्ती 'काँग्रेस धर्म स्थापन करणारा कायदा करणार नाही' अशी सुरू होते. म्हणजे हात बांधले ते केंद्राचे. राज्यं मोकळी होती आणि त्यांनी मोकळीक वापरली पण. कनेक्टिकटमधे सरकारमान्य चर्च १८१८ पर्यंत, मॅसॅच्युसेट्समधे १८३३ पर्यंत, लोकांच्या करातून पाद्र्यांचे पगार. सहावं कलमही फक्त केंद्रापुरतं, कित्येक राज्यांत पदाची शपथ घेताना ख्रिस्ती, काही ठिकाणी तर प्रोटेस्टंटच असावं लागे. घटनेत देव नाही कारण तो विषय राज्यांकडे ठेवला होता, त्यांना तो नको होता म्हणून नव्हे. हा फरक तुम्ही सरळ गिळून टाकलात.

आणि पहिली दुरुस्ती लिहिणाऱ्या त्याच १७८९ च्या काँग्रेसने पगारी पाद्री नेमले, वॉशिंग्टनला सांगून देवाचे आभार मानायचा दिवस जाहीर करवला. वायव्य प्रदेशाचा (ओहायो नदीपलीकडचा तेव्हाचा नवा मुलूख) १७८७ चा कायदा म्हणतो की चांगल्या राज्यकारभारासाठी धर्म, नीती आणि ज्ञान लागतं, म्हणून शाळांना उत्तेजन द्या. धर्म आणि शाळा एकाच वाक्यात! अ‍ॅडम्सने त्रिपोलीच्या तहावर सही केली म्हणता, त्याच अ‍ॅडम्सने पुढच्याच वर्षी लिहिलं की आपली घटना फक्त नीतिमान आणि धार्मिक लोकांसाठी केलेली आहे. आणि तो तह भूमध्य समुद्रात जहाजं लुटणाऱ्या मुस्लिम राज्याला शांत करायला केलेला, त्याच्या अरबी प्रतीत ते अकरावं कलम सापडतच नाही. तत्त्वज्ञान म्हणून काय मिरवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हक्क निर्मात्याने दिलेत, म्हणून राजाला काढून घेता येत नाहीत. तो पाया काढलात तर हक्क सरकारने दिलेले ठरतात, आणि जे सरकार देतं ते सरकार परत घेतं.

ऑस्टिनकर
मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. तो कर कुणाला डाचत होता हे नाही सांगितलंत. नास्तिकांना नाही, ते होतेच किती. बाप्टिस्टांना! आपण सरकारी चर्चचे नाही असं सर्टिफिकेट आणून द्यायचं मग करातून सूट. व्हर्जिनियात तर परवान्याशिवाय प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकायचे, १७७४ मधे बावीस वर्षांच्या मॅडिसनने (पुढे राज्यघटना घडवणाऱ्यांतला एक) मित्राला पत्रात लिहिलंय की शेजारच्या काउंटीत पाचसहा भली माणसं निव्वळ धर्ममतांसाठी तुरुंगात आहेत. पुढे तिथला पुढारी पॅट्रिक हेन्री याने ख्रिस्ती शिक्षकांसाठी कर लावायचं बिल आणलं, कुणा एका पंथासाठी नाही, सगळ्या ख्रिस्ती पंथांसाठी, किती गोड. त्यावर मॅडिसनने १७८५ चा निषेधअर्ज लिहिला, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन लोकांनी सह्यांचे ढीग पाठवले, बिल मेलं आणि १७८६ मधे जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला. म्हणजे चर्च आणि सरकार यांच्यामधे भिंत बांधा म्हणणारे लोक चर्चमधे जाणारेच होते. त्यांना भीती होती ती चर्चमधे सरकार घुसेल याची.

आणि १८०२ ची चीजची गोष्ट कुणी सांगत कसं नाही? मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बाप्टिस्टांनी तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसनसाठी १,२३५ पौंडांचा, म्हणजे साधारण ५६० किलोचा चीजचा गड्डा केला आणि त्यांचा पाद्री जॉन लेलंड तो थेट व्हाइट हाउसला घेऊन गेला, १ जानेवारीला. त्याच तारखेचं जेफरसनचं डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेलं पत्र आहे, ज्यात ती 'चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत' येते. ज्या माणसाने बायबलमधले चमत्कार ब्लेडने कापून स्वतःपुरती प्रत तयार केली त्या माणसाला कट्टर श्रद्धावान लोक चीज नेऊन देतायत!

जाहीरनाम्यातला निर्माता मान्य. पण तो लिहिणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी गुलाम होते, तेव्हा निर्मात्याने दिलेले हक्क काढून घेता येत नव्हते का?

जुना_वकील
चीजची गोष्ट दोनच दिवस पुढे न्या की. ३ जानेवारीला रविवार होता, त्याच लेलंडने प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन दिलं आणि जेफरसन समोर बसून ऐकत होता. सरकारी इमारतीत चर्च! भिंतीची शाई वाळली नव्हती अजून.

आणि त्या भिंतीची पुढची कहाणी फार काही अभिमानाची नाहीये. १८४४ ला फिलाडेल्फियात दंगली झाल्या त्या शाळेत कुठलं बायबल वाचायचं यावरून. सरकारी शाळांत प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल चालायचं, आणि त्याला तटस्थ म्हणायचे. कॅथलिकांनी आमच्या मुलांना आमचं वाचू द्या म्हटलं तर त्यांची चर्चं जाळली, माणसं मेली. पुढे १८७५ ला काँग्रेसमधल्या ब्लेन नावाच्या नेत्याने घटनादुरुस्ती आणली की धार्मिक शाळांना सरकारी पैसा नाही, दिसायला भिंत, निशाण्यावर कॅथलिक आयरिश. सिनेटमधे ती पडली पण बऱ्याच राज्यांनी आपापल्या घटनेत तसलं कलम घातलंच. १९४७ च्या एव्हर्सन खटल्यात जेफरसनची भिंत सुप्रीम कोर्टाच्या निकालात ठामपणे बसवली ती जस्टिस ह्यूगो ब्लॅकने, जो पूर्वी कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी, कॅथलिकविरोधी संघटनेचा सभासद होता. तेव्हा भिंत म्हणजे पवित्र आणि पोस्टर म्हणजे पाप, इतकं सोपं करू नका.

तिखट_शेव
क्लॅनवाला भिंत बांधतो, पाद्री चीज वाहतो, नास्तिकासारखा दिसणारा राष्ट्राध्यक्ष प्रवचनाला बसतो. या देशात सरळ माणूस नव्हताच का एक पण?

नगरची_पोर
मी ख्रिस्ती, मूळची नगरची (आता अहिल्यानगर, सवय व्हायचीये). आमचं चर्च अमेरिकन मराठी मिशनचं म्हणून मधे बोलते.

मॅसॅच्युसेट्समधे तो कर चालू होता त्याच काळात तिथल्याच काँग्रिगेशनल (म्हणजे त्या सरकारमान्य चर्चच्या) मंडळींनी १८१० मधे परदेशी मिशनचं बोर्ड काढलं, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकारने लगेच परत जा म्हणून सांगितलं, त्यात इंग्लंड अमेरिकेचं युद्ध चालू. म्हणजे बघा, स्वतःच्या राज्यात सरकारी कराचं चर्च असलेले लोक इथे आले तेव्हा सरकार त्यांना नको म्हणत होतं, आणि तरी त्यांनी छापखाना काढला, शाळा काढल्या. नगरला सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळा होत्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. अमेरिकन श्रद्धेचा हात आमच्यापर्यंत पोचला तो असा, सरकारच्या मदतीशिवाय.

म्हणून वकीलकाका, श्रद्धा सार्वजनिक जीवनात असावी हे तुमचं मला पटतं. गुलामगिरीविरुद्धची चळवळ चर्चमधूनच उभी राहिली. मार्टिन ल्यूथर किंग पाद्रीच होते, त्यांचं १९६३ चं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र इतर पाद्र्यांनाच लिहिलेलं आहे. धर्म घरी ठेवून या म्हटलं असतं तर ते पत्रच झालं नसतं. पण गुलामांचे मालकही तेच बायबल वाचायचे ना, गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मधेच लिहून ठेवलंय की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. किंग सरकारसमोर उभे राहून बोलत होते. पोस्टरवाले सरकारच्या खुर्चीत बसून बोलतायत, आठवीतल्या पोराला उठून जायची सोय नाही. मी इथे भारतात अल्पसंख्य आहे, मला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

स्पष्टवक्ता
एवढं कशाला लांबण? त्यांचा देश, ते बहुसंख्य, लावला पोस्टर तर बिघडलं काय? तुम्ही गेलात तिकडे डॉलर कमवायला, आता त्यांना अक्कल शिकवता. आपल्याकडेही घटनेत देव हवाच होता पण आपण पडलो भित्रे.

ऑस्टिनकर
@स्पष्टवक्ता, टेक्सासच्या कायद्यात पोस्टरचा मजकूर शब्दन् शब्द ठरवून दिलाय. सुरुवातीलाच येतं की माझ्याशिवाय दुसरे देव नकोत, आणि लगेच कोरलेल्या मूर्ती करू नकोस. ज्या पोरांच्या घरी गणपती बसतो ती पोरं सकाळी आठला त्याखाली बसणार. चालतंय ना तुम्हाला? २००७ मधे सिनेटमधे पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली तेव्हा वरच्या गॅलरीतून ओरडून ती बंद पाडायचा प्रयत्न झाला. ओरडणाऱ्यांना पकडून बाहेर काढलं आणि प्रार्थना पूर्ण झाली.

आणि मी इथला नागरिक आहे, कर भरतो, शाळेचाही.

एक_वाचक
भित्रे वगैरे काही नाही हो. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत ह. वि. कामतांनी प्रास्ताविक 'देवाच्या नावाने' सुरू करा अशी सूचना मांडली, रीतसर मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ ने पडली. विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते, त्यांचं म्हणणं की श्रद्धा लादली जाऊ नये.

अवांतर: १९४० मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जेहोवाज विटनेस पंथाच्या मुलांना झेंड्याला सलाम करायची सक्ती वैध ठरवली आणि तीनच वर्षांत, १९४३ च्या बार्नेट खटल्यात, ऐन महायुद्ध चालू असताना स्वतःचाच निकाल फिरवला. आपल्याकडे १९८६ च्या केरळच्या खटल्यात त्याच पंथाची तीन भावंडं होती, राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेतून काढलेली. सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं, आणि निकालात हे अमेरिकन खटलेही चर्चिले आहेत.

जुना_वकील
बार्नेट मलाही मान्य आहे, सक्ती नकोच. पण भिंतीवरचा कागद म्हणजे सक्ती का, हाच तर वाद आहे. १९८० मधे केंटकीचे असेच पोस्टर ५ विरुद्ध ४ ने उतरवले गेले, ते १९७१ च्या लेमन खटल्याच्या कसोटीवर (सरकारच्या कृतीमागे धर्मेतर हेतू हवा वगैरे). ती कसोटी २०२२ मधे ब्रेमर्टन खटल्यात, तो फुटबॉल कोच मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करायचा त्यात, कोर्टाने सोडून दिली. आता विचारतात की इतिहास आणि परंपरा काय सांगते. त्यामुळे ऑस्टिनकर, तुमचा १७८७ आणि माझा १७८९ हे आता थेट कोर्टातले पुरावे झालेत. आणि तो मजकूर तरी कुठून आला? ऑस्टिनच्याच विधानभवनाच्या आवारात १९६१ पासून दगडात कोरलेला आहे, २००५ मधे सुप्रीम कोर्टाने तो राहू दिला.

ऑस्टिनकर
बागेतला दगड टाळून पलीकडून जाता येतं, वर्गात हजेरी लागते. आणि परंपराच बघायची तर पहिली दुरुस्ती लागू झाली त्या १७९१ मधे आजच्यासारख्या सरकारी शाळा होत्याच कुठे, होरेस मानने मॅसॅच्युसेट्समधे ते काम हाती घेतलं १८३७ नंतर. मग शाळेतली परंपरा म्हणून तुम्ही दाखवणार काय, फिलाडेल्फियाचं १८४४?

जुना_वकील
१७८७ चा वायव्य प्रदेशाचा कायदा दाखवीन. वर दिलाय, वाचा परत.

नगरची_पोर
काका, त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात धर्म आणि शाळा आहेत हे खरं. पहिलं कलम पण वाचा ना, शांतपणे वागणाऱ्या कुणालाही त्याच्या उपासनेवरून किंवा धर्ममतांवरून त्रास दिला जाणार नाही असं आहे. ते आधी आहे.