पाच वर्षांच्या मुलीला जाहिरातींसाठी मॉडेलिंग: सुरुवात कशी करावी?

प्रश्न (ठाणेकर_बाबा): एक एजन्सी पोर्टफोलिओसाठी ३५,००० रुपये मागतेय. द्यावेत का?

चैत्रपालवी: अजिबात देऊ नका. या वयात उंची वाढते, दात पडतात. फोटो सहा महिन्यांत जुने होतात. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर मोबाइलवर पाच फोटो काढा: चेहरा जवळून, हसरा, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा. मेकअप, फिल्टर, भरजरी कपडे नकोत. सोबत नाव, वय, उंची सांगणारा ३० सेकंदांचा व्हिडिओ. खरी एजन्सी काम मिळाल्यावर मानधनातून कमिशन घेते, आधी नाही. शाळेचं नाव, घरचा पत्ता कुठेही देऊ नका.

कायदा_वाचा: होकार देण्याआधी नियम माहीत असू द्या. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवीच. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. प्रत मागून घ्या. मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत.

रानजाई: ऑडिशन बहुतेकदा घरच्या तयारीमुळेच बिघडते. ओळी घोकून घेतल्या की मूल कॅमेऱ्याऐवजी आईकडे बघतं. नुसता प्रसंग सांगा, शब्द तिचे असू द्या. दुपारच्या झोपेची वेळ टाळा, खाऊ-पाणी बरोबर ठेवा. आणि ती नको म्हणाली तर तिथूनच परत फिरा.