एकेक फोटॉन मोजणारा सेन्सर फोनच्या कॅमेऱ्यात का नाही?

गंगापूररोडकर:
शनिवारी रात्री अंजनेरीच्या पायथ्याशी मृग नक्षत्र टिपायला गेलो होतो, फोन ट्रायपॉडवर, आयएसओ 3200, 10 सेकंद. घरी येऊन झूम केलं तर आकाशभर लाल-हिरवे दाणे, रवा सांडल्यासारखे. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजणारे सेन्सर आलेत म्हणतात, मग ते फोनमध्ये टाकायला काय होतं? नुसते मेगापिक्सेल वाढवत बसलेत.

सोल्डरवाला:
टाकलेत की भाऊ, फोटोसाठी नाही एवढंच. 2020 च्या आयपॅड प्रोमधलं लायडार घ्या, अंतर मोजायला त्यात स्पॅड आहे, म्हणजे एकटा फोटॉनही पकडणारा डायोड. डायोडला झेपेल त्याच्या वर व्होल्टेज देऊन ठेवायचं, एक फोटॉन आला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि ब्रह्मगिरीवरून एक धोंडा निसटून दरड यावी तसा लोंढा येतो. मग सर्किट व्होल्टेज पाडून तो थांबवतं, तेवढा वेळ पिक्सेल आंधळा. आणि नुसत्या उष्णतेनेही दरड सुटते, फोटॉन नसताना, त्याला डार्क काउंट म्हणतात.

जुना_रोलवाला:
दरडीशिवायही जमतं. एरिक फॉसम, ज्यांनी 90 च्या दशकात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत आजच्या फोन-कॅमेऱ्यांतल्या सीमॉस सेन्सरचा पाया घातला, त्यांनीच पुढे क्वांटा इमेज सेन्सरची कल्पना मांडली आणि अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजला विद्यार्थ्यांबरोबर करूनही दाखवली. पिक्सेल बारीक, आणि वाचतानाचा गोंगाट साधारण 0.3 इलेक्ट्रॉनच्या खाली, म्हणजे 0, 1, 2 असे इलेक्ट्रॉन चक्क वेगळे ओळखता येतात. सीमॉसच्या आधीचं सेन्सर, सीसीडी, 1969 चं, त्याला नोबेल 2009 मध्ये, आता हे कधी खिशात येईल ते बघू.

नाईटशिफ्ट:
सेन्सर कितीही भारी आणा, सगळे दाणे जाणार नाहीत, कारण प्रकाशच तसा येतो. कॉलेज रोडला उभं राहून मिनिटाला रिक्षा मोजा, कधी 3 कधी 7. फोटॉनचं तेच, सरासरी 100 येणार असतील तर 10 इकडेतिकडे होणारच. त्यापेक्षा एकाऐवजी 16 फोटो काढून जुळवून सरासरी घ्या, दाणे चौथाईवर येतात.

गंगापूररोडकर:
16 काढायलाच बसलो होतो, पाचव्याला लेन्सवर दव साचलं, रुमालाने पुसलं तर अजूनच पसरलं. येत्या अमावस्येला परत जातोय, गाडीत दोन जागा आहेत.

सोल्डरवाला:
एक माझी. लेन्सला गुंडाळायला हीटरची पट्टी आणतो, पॉवरबँक तुमची.