उपनगरांची महापालिका वेगळी काढायची तर नेमकं काय काय वाटावं लागतं?

मुलुंडचा_रहिवासी:
1957 साली मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत वाढवली. ती परत तोडायची तर सरकारच्या अधिसूचनेवर भागतं का? पाणी, कर्मचारी, ठेवी यांची वाटणी कशी होते?

हद्द_आणि_नकाशे:
नाही भागत. अधिसूचनेची वाट 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 3 ची; कल्याण-डोंबिवली, वसई-विरार त्यात मोडतात. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा. दुसरी महापालिका काढायला विधिमंडळच लागणार. आणि अधिसूचनेची वाटही सोपी समजू नका. कल्याण-डोंबिवलीतली 18 गावं 2020 मध्ये वगळली, पण महापालिकेशी आधी सल्लामसलत झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात अधिसूचना रद्द केली.

पाणीखातं:
खरी गाठ पाण्याची आहे. शहराचं बरंचसं पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं. ते संकुल उपनगराकडे गेलं, तर कुलाबा-भायखळ्याला पाणी विकत घ्यावं लागेल. म्हणजे हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक मोठ्या जलवाहिनीवर बल्क मीटर (पलीकडे जाणारं एकूण पाणी मोजणारं), हजार लिटरचा दर आणि गळती कुणाच्या माथी, हे आधी लेखी हवं. लहान लाइन्स तर वॉर्डाच्या रेषा पाळतच नाहीत. तिथे व्हॉल्व्ह बंद केला की शेवटच्या टोकाच्या इमारतींचा दाब पडतो. अशा इमारती आधी शोधून त्यांना पर्यायी जोडणी द्या, मगच हद्द आखा.

लेखा_विभाग:
ठेवींचा एकूण आकडा बघून हिशेब मांडू नका. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांची अनामत आधी बाजूला काढा. उरेल तेवढंच वाटणीला. लोकसंख्येवर वाटायचं की मालमत्ता कराच्या वसुलीवर, भांडण इथेच पेटतं. निवृत्तिवेतनाचा भार मात्र नियत दिनांकाआधीच्या, म्हणजे वाटणी लागू होण्याच्या दिवसाआधीच्या, सेवेनुसार दोघांनी उचलावा, नाहीतर ज्याच्याकडे जुने कर्मचारी जातील तो बुडाला.

दिल्लीत 2012 मध्ये एकाच्या तीन महापालिका केल्या. चांगलं उत्पन्न दक्षिणेकडे गेलं, उत्तर आणि पूर्वेत पगार थकले, सफाई कामगार संपावर गेले. 2022 मध्ये तिन्ही पुन्हा एक झाल्या.

हद्द_आणि_नकाशे:
उलट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 2008 साली विलीन केलेल्या नूसासह चार परिषदांच्या (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या) भागांत मार्च 2013 ला मतदान झालं. वेगळं होण्याचा खर्च तुमच्यावरच पडेल, हे मतदारांना आधी सांगितलं होतं. तरी चारही ठिकाणी कौल वेगळं होण्याचाच आला आणि 1 जानेवारी 2014 पासून त्या स्वतंत्र झाल्या. आपल्याकडेही वाटणीचा तक्ता आणि कराचा अंदाजी दर लोकांपुढे आधी ठेवायला हवा. तुम्ही सरकारला मागणीपत्र देणार असाल, तर त्यात पहिला मुद्दा हाच घाला.