चार महिन्यांच्या पेर्शरॉन शिंगराचे सांधे जाड दिसतायत, चंदी कमी करू का?

कोरेगावची लेक

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, ऑन्टारियोत मिल्व्हर्टनजवळ राहतो. आजूबाजूला आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी बरेच आहेत, त्यांची नांगरट, पेरणी, गवत कापणं सगळं भारी घोड्यांवर चालतं. त्यांच्यातल्याच एकाकडून गेल्या वर्षी आम्ही पेर्शरॉन या भारी जातीची घोडी घेतली. घेतली तेव्हाच गाभण होती.

१६ एप्रिलला पहाटे पावणेतीनला ती व्याली. दोन दिवस आधीपासून सडांवर मेणासारखे थेंब धरले होते, म्हणून मी तबेल्यातच अंथरूण टाकलं होतं. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, त्यानंतर अर्ध्या तासात कास शोधून प्यायला लागलं, आणि पाचच्या आत वार पडली. आईचा फोन सारखा चालू, "आधी चीक पोटात जाऊ दे गं, बाकी सगळं मग." काळाभोर नर. मापाच्या पट्टीने वजन काढलं तर ६८ किलो! आमच्या कोरेगावच्या गोठ्यात वासरू तीस किलोचं झालं तरी वडील गावभर सांगायचे.

आज ते चार महिन्यांचं आहे आणि पट्टीवर २६५ किलो भरतंय. अडचण अशी की गेले दहा दिवस पुढच्या दोन्ही पायांचे खुरावरचे सांधे जाड दिसतायत. समोरून बघितलं तर पाय डमरूसारखा दिसतो, वर फुगीर, मध्ये बारीक, खाली परत फुगीर. लंगडत नाही, पण पूर्वीसारखं उधळतही नाही.

आईचं दूध आणि कुरण आहेच. शिवाय वेगळ्या डब्यात रोज तीन किलो ओट आणि मक्याचा भरडा, वर दोन ओंजळी गव्हाचा कोंडा नि गूळ. वडील व्यायलेल्या गाईला कोंडा-गूळ द्यायचे, ते डोक्यात होतं. एक शेजारी म्हणतात, शरद ऋतूतल्या जत्रेत दाखवायचं तर अजून वाढवा, हाड खाण्यानेच भरतं. दुसरे म्हणतात, सगळं बंद करा. कुणाचं ऐकू?

परभणीचा पशुवैद्य

ताई, दुसऱ्या शेजाऱ्यांचं ऐका, पण "सगळं बंद" असंही करू नका. मी परभणीला शिकलो, मॅनिटोबात अठरा वर्षं घोड्यांचं काम केलं, त्यातली निम्मी बेल्जियन नि पेर्शरॉन या भारी जातींची.

सगळ्यात आधी एक खात्री करा. सांध्यावर हात ठेवून पाहा. एकच सांधा गरम, मऊ, दाबल्यावर दुखतोय आणि अंगात ताप, असं असेल तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे एक रात्रही थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. दोन्ही पायांना सारखी, कडक, हाडासारखी जाडी असेल तर तुम्ही डमरू म्हणालात तोच शब्द मी वापरेन. हाडाच्या टोकाशी जी ग्रोथ प्लेट असते, जिथून हाड लांब होतं, तिथे ताण येऊन ती फुगते. याला फायसायटिस म्हणतात. तीन ते सहा महिन्यांत खुरावरच्या सांध्याशी दिसतो, पुढे आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत गुडघ्याच्या वर. एक्स-रे काढूनच पक्कं होईल, तो काढाच.

आता कारण. तुमचं शिंगरू चार महिन्यांत चौपट झालं, म्हणजे दिवसाला दीड किलोच्या वर. भारी जातीत ही वाढ होते, त्यात आजार नाही. पण आठ-साडेआठशे किलोची पेर्शरॉन घोडी दिवसाला वीस लिटरच्या आसपास दूध देते, आणि ते सगळं या एकाच्या पोटात जातं. त्यावर तीन किलो भरडा म्हणजे वजनाच्या एक टक्क्याहून जास्त. अंग पुढे पळतं आणि कोवळं हाड खाली दबतं.

आणि तो कोंडा. वडिलांचं चुकलं नव्हतं, ती गाय होती आणि व्यायलेली होती. घोड्याच्या पिल्लाला निदान जितका फॉस्फरस तितका तरी कॅल्शियम हवाच, दीड-दोन पट असेल तर उत्तम. गव्हाच्या कोंड्यात हे बरोबर उलटं असतं, कॅल्शियमच्या साधारण आठ पट फॉस्फरस. ओट आणि मकासुद्धा त्याच बाजूचे. तुम्ही प्रेमाने दिलेल्या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतायत.

कोंडा नि गूळ आजपासून बंद. ओट-मक्याचा भरडा चार-पाच दिवसांत कमी करत संपवा. त्याऐवजी वाढत्या शिंगरांसाठीचा बॅलन्सर पेलेट, ज्यात तांबं, जस्त आणि खनिजं असतात पण पिष्ट कमी, पिशवीवरच्या मापाने. चांगलं गवत भरपूर, त्यात थोडी लसूणघास असली तर कॅल्शियम मिळेल. घोडीची गव्हाण उंच बांधा. शिंगरू तिच्या डब्यातून किती खातं हे आपल्या लक्षातच येत नाही.

ऑन्टारियोच्या मातीत सेलेनियम कमी असतं. घोडीला गाभणपणी खनिजमिश्रण होतं का, हे विकणाऱ्याला विचारा आणि डॉक्टरांशी बोला. स्वतःहून मात्र सेलेनियम देऊ नका, जास्तीचं विषारी ठरतं.

काही दिवस लहान, मऊ जमिनीच्या, कुंपण घातलेल्या जागेत आईसोबत ठेवा. खुरं दर चार आठवड्यांनी सरळ करून घ्या, कारण वाकडं खूर एकाच बाजूला भार टाकतं. अंगावरचं दूध तोडायचं का, हे एक्स-रे बघून ठरवा. एरवी पाच-सहा महिन्यांना तोडतात, पण दूध फार असेल तर कधीकधी आत्ताच तोडावं लागतं.

जत्रेचं विचाराल तर एक सांगतो. माझ्याकडे पाच महिन्यांची बेल्जियन शिंगी आली होती. मालकाने धान्याचा डबा चोवीस तास उघडा ठेवलेला, तिचं वजन तो अभिमानाने सांगायचा. मी पाहिली तेव्हा ती पुढच्या पायांच्या टोकांवर चालत होती, टाच जमिनीला टेकतच नव्हती. हाड इतकं भरभर वाढलं की मागचा स्नायुबंध मागे राहिला. पट्ट्या बांधल्या, टाचा कापल्या, नुसत्या गवतावर ठेवली, सात महिने गेले. ती चालायला लागली, पण तिच्या खांद्यावर जू कधीच चढलं नाही. मला तिचे डोळे अजून आठवतात.

कोरेगावची लेक

डॉक्टर, आत्ताच जाऊन हात लावून आले. दोन्हीकडे सारखं, कडक, गरम नाही. ताप १०१ फॅरनहाइट. सोमवारी डॉक्टर येतायत. कोंडा बंद केला. चीक वेळेत प्यायला होता तरी तपासणी करायला हवी होती का? तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

परभणीचा पशुवैद्य

१०१ उत्तम. हो, पुढच्या वेळी करा. वासराप्रमाणेच शिंगरूही प्रतिकारद्रव्यं रक्तात न घेता जन्मतं, आईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. सगळी भिस्त चिकावर, आणि आतड्याची ती दारं चोवीस तासांत मिटतात. म्हणून बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान रक्तातली आयजीजी, म्हणजे हीच प्रतिकारद्रव्यं, बघायची, डेसिलिटरमागे ८०० मिलिग्रॅमच्या वर हवी. कमी आली तर शिरेतून प्लाझ्मा देता येतो. तुमचं चार महिने निरोगी आहे, त्याची चिंता आता सोडा. तुमच्या आईंनी बरोबर तेच सांगितलं होतं.

तापीकाठचा

ताई, माझ्याकडे मारवाडी घोड्या आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जातो. भारी जात मी सांभाळलेली नाही, पण एक गोष्ट सगळ्या शिंगरांना लागू. खुरं महिन्याला करायची तर पाय द्यायला शिकवावं लागतं, आणि २६५ किलोचं जनावर आत्ताच तुमच्यापेक्षा चारपट जड आहे. रोज संध्याकाळी खरारा करताना हात खांद्यावरून खाली खाली न्या, खुरापर्यंत आला की क्षणभर उचला नि त्याने ओढायच्या आत स्वतः सोडा. शिंगराने ओढून सोडवलं तर त्याला ते कायमचं कळतं. आणि मोरखी घालून खुंटाला बांधू नका, हिसका मारला की मानेला इजा होते. पुढून ओढण्यापेक्षा मागून पुठ्ठ्याला मऊ दोरीचा फास घालून हलकेच चालवा.

आमच्याकडे दोन वर्षांच्या घोड्यावर माणूस बसवायची घाई असते. तुमच्या जातीला कधी जुंपतात?

परभणीचा पशुवैद्य

तापीकाठचे, पाय उचलण्याचं फार मोलाचं सांगितलंत. जुंपायचं म्हणाल तर दोन वर्षांनंतर खोगीर-सरंजामाची सवय, हलकी रिकामी गाडी, जुन्या शांत घोड्याच्या जोडीला. खरं ओझं चार वर्षांनंतर. खुरावरच्या सांध्याच्या ग्रोथ प्लेट पहिल्या वर्षाच्या आसपास मिटतात, गुडघ्यावरच्या दोन-अडीच वर्षांनी, आणि पाठीच्या मणक्यांच्या पाच-सहा वर्षांपर्यंत उघड्या असतात. बाहेरून घोडा पूर्ण दिसतो त्याच्या बऱ्याच नंतर.

कोरेगावची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. एक्स-रेत फायसायटिसच निघाला, सांधा आतून स्वच्छ आहे. डॉक्टरांनी दूध तोडायला सांगितलं. शेजारच्या एका वयस्क, भाकड घोडीसोबत ठेवलं. पहिल्या दोन रात्री ते आणि आई दोघंही हाका मारत होते, मी खिडकी बंद केली तरी ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी थांबलं. तीन आठवड्यांत फक्त २१ किलो वाढलंय, सांध्यांची जाडी तेवढीच आहे पण वाढलेली नाही, आणि परवा कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उधळलं.

जत्रेचं नाव काढून टाकलं. पुढचा डावा पाय आता तो स्वतः उचलून देतो. उजवा अजून देत नाही.

आणि आज खरारा करताना दिसलं, दोन्ही डोळ्यांभोवती पांढरे केस यायला लागलेत, चष्मा लावल्यासारखे. शेजारी म्हणाले, आईसारखाच करडा होणार.