गुन्हा कबूल करावा की केस लढावी? (वडोदरा)

दांडिया बाजारचा रहिवासी: वय ६१, प्रोस्टेटचा त्रास. आठ दिवसांपूर्वी पहाटे कामाटीबागेजवळ लघवी आवरेना, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून एक बाई ओरडल्या. दचकून वळलो तेव्हा पायजम्याची नाडी हातातच होती. मुद्दाम दाखवलं अशी तक्रार झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (सार्वजनिक जागी अश्लील कृत्य) लागलं. शेजारी म्हणतात, कबूल करा, दंड भरा, सुटलात. पण मी तसं केलेलंच नाही हो! सूनबाईंसमोर मान वर होत नाही.

निवृत्त शिरस्तेदार: काका, घाईने कबूल करू नका. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. पण कबुली दिली की तुम्ही दोषी ठरता, नुसता दंड झाला तरीही. कोर्टात न्यायाधीश साहेब विचारतील तेव्हा ‘कबूल नाही’ म्हणा. कृत्य अश्लील होतं आणि त्याचा इतरांना त्रास झाला, हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. लघवीला थांबलो होतो, हे लपवू नका.

मांडवीची मावशी: डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधा. समोरच्या दुकानाचा कॅमेरा आजच बघा, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. त्या बाईंना भेटायला मात्र जाऊ नका, त्याही खरंच घाबरल्या असतील. कलम ७९ (स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेलं कृत्य) लावलंय का? त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

दांडिया बाजारचा रहिवासी: नाही, २९६च. चिठ्ठी देवघराच्या खणात सापडली. वकिलांकडे निघालोय.