टीमवरचा ताण: कार्यशाळा आणि ध्यानाचं अ‍ॅप मंजूर झालंय, पण प्रत्यक्षात काय बदलावं? (मदत हवी आहे)

शिफ्टप्रमुख:

नमस्कार मंडळी. फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी १४ जणांची टीम आहे, सात-सात जणांच्या दोन पाळ्या. गेल्या तिमाहीपासून ऐनवेळी टाकलेल्या रजा वाढल्यात. बंद केलेल्या तक्रारी पुन्हा उघडण्याचं प्रमाणही वाढलंय. मीटिंगमध्ये 'कुणाला काही बोलायचंय का?' विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. प्रति कॉल सरासरी सहा मिनिटांचं टार्गेट आहे आणि ते प्रत्येकाच्या नावापुढे स्क्रीनवर दिसतं. माणसं वाढवून मिळणार नाहीत. त्याऐवजी तीन तासांची ताणमुक्ती कार्यशाळा आणि ध्यानाच्या अ‍ॅपची वर्गणी मिळाली आहे.

तीन गोष्टींवर मदत हवी आहे. मुळात ताण कशाचा आहे हे शोधायचं कसं? निनावी सर्व्हे घ्यावा का? आणि एक सहकारी बराच खचलेला दिसतो. त्याच्याशी आपणहून बोलावं की नाही?

कार्यरंग:

कार्यशाळा घ्या, पण ती घेतली म्हणजे विषय संपला असं वरच्यांना वाटू देऊ नका. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल अजूनही कामाला येतं: कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी ताण सर्वांत वाईट. पुढे त्यात सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार हा तिसरा घटक आला. माणसं वाढणार नाहीत म्हणजे मागणीची बाजू तुमच्यापुरती बंद आहे. मुभा आणि आधार या बाजू उघड्या आहेत, आणि दोन्ही बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहेत.

माझा पहिला संशय त्या सहा मिनिटांवर. वेळ संपत आली की माणूस मूळ कारण शोधत बसत नाही, तात्पुरतं उत्तर देऊन कॉल संपवतो. ग्राहक चिडून परत फोन करतो आणि तो चिडलेला कॉल दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतो. म्हणजे टार्गेट पाळणाऱ्याचा आकडा चांगला दिसतो, शिव्या शेजारचा खातो आणि एकमेकांचा आधारही आटतो. हे तपासायला सर्व्हे लागत नाही. पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे मूळ कॉल काढा आणि ते किती मिनिटं चालले ते मांडा. साडेपाच ते सहा मिनिटांच्या दरम्यान ढीग दिसला, आणि सगळ्या कॉलच्या तुलनेत तो तिथे ठळकपणे जास्त असला, तर ताणाचं निदान एका तक्त्यात झालं समजा. मग सरासरी वेळ फक्त मनुष्यबळाच्या नियोजनासाठी ठेवा, व्यक्तीच्या नावापुढून काढा. त्याऐवजी पहिल्याच कॉलमध्ये तक्रार सुटण्याचं प्रमाण बघा, तेही पूर्ण टीमचं.

मुभा वाढवण्याचे बिनखर्ची मार्ग: सुट्ट्यांची अदलाबदल आपसात ठरवू द्या, ठरावीक मर्यादेपर्यंतचा निर्णय वरिष्ठांना न विचारता घेऊ द्या, आणि शिवीगाळ झालेल्या कॉलनंतर परवानगी न मागता पाच मिनिटं फोनपासून दूर जाऊ द्या. 'न मागता' हे महत्त्वाचं. दर वेळी विचारावं लागलं तर महिन्याभरात ती सोय कुणी वापरत नाही. शिवाय ही पाच मिनिटं हजेरीच्या किंवा कामगिरीच्या हिशोबात आली, तर नियम कागदावरच राहतो.

एका वेळी एकच बदल करा. चार एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि एक फसला तर चारही मागे घेतले जातात. आधीच्या तीन महिन्यांचे रजा, जादा तास आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे आकडे आत्ताच बाजूला काढून ठेवा. सुरुवातीचा आकडाच नसला तर नंतर कुणाला काही दाखवता येत नाही.

त्रयस्थ:

सर्व्हेबद्दल. निनावी म्हटलं तरी १४ जणांत निनावी राहत नाही. पाळी, लिंग आणि किती वर्षं नोकरी एवढं विचारलं की प्रत्येक माणूस ओळखता येतो. या तिन्ही गोष्टी विचारूच नका आणि निकाल पाळीनुसार फोडू नका. सात जणांच्या गटात एका उत्तरानेही सरासरी हलते. 'तुमचं मत लिहा' अशी मोकळी चौकट तर टाळाच, भाषेवरून माणूस कळतो.

प्रश्न स्वतः रचण्याऐवजी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेची ३५ प्रश्नांची प्रश्नावली बघा. ती सहा बाजू तपासते: मागणी, नियंत्रण, आधार, नातेसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे हाताळले जातात. तुमच्याएवढ्या टीमला मात्र सर्व्हेपेक्षा दोन बैठका जास्त देतील, अट एवढीच की बैठक तुम्ही घ्यायची नाही. दुसऱ्या विभागातल्या कुणाला बसवा. 'ताण आहे का?' विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येतं. त्याऐवजी: 'गेल्या आठवड्यातलं कोणतं काम दोनदा करावं लागलं?' किंवा 'कोणत्या गोष्टीसाठी विनाकारण थांबावं लागलं?' इथे तक्रार कामाबद्दल असते, माणसाबद्दल नसते, म्हणून लोक बोलतात. जे निघेल त्यातली एक तरी गोष्ट दोन आठवड्यांत बदललेली दिसली पाहिजे. विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

अबोली_समुपदेशक:

वरच्या दोघांशी सहमत, पण वैयक्तिक कौशल्यं अगदीच मोडीत काढू नका. तीन तास मिळालेच आहेत तर भाषणाऐवजी दोनच गोष्टी करून घ्या.

पहिली, काम संपवण्याची पद्धत. शेवटची दहा मिनिटं: अपुरं राहिलेलं लिहायचं, प्रत्येकापुढे उद्याचं पहिलं पाऊल लिहायचं ('पाटलांची फाइल' असं नाही, 'नऊ वाजता बिलिंगला फोन' असं), मग सिस्टिम बंद. पुढचं पाऊल ठरलं की डोक्यात घोळणारी यादी बरीच शांत होते. हे फसतं ते पाळी संपता संपता शेवटचा कॉल आला की. म्हणून ती दहा मिनिटं रोस्टरमध्येच धरावी लागतात.

दुसरी, काळजीसाठी राखीव वेळ. दिवसातून एकदा १५ मिनिटं, रोज त्याच वेळी, झोपायच्या तोंडावर नाही. इतर वेळी काळजी आली की चार शब्दांत टिपून पुढे ढकलायची. ठरल्या वेळी टिपणाचे दोन भाग करायचे: ज्यावर काही करता येईल त्याचं एक पाऊल ठरवायचं, बाकीचं तिथेच सोडायचं. पहिले काही दिवस जमत नाही, त्याला हरकत नाही.

ध्यानाचं अ‍ॅप ऐच्छिक ठेवा आणि कुणी किती वापरलं ते बघू नका. काहींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट धडधड वाढते. त्यांना डोळे उघडे ठेवून, सावकाश श्वास सोडत चालणं जास्त मानवतं.

आणि शिवीगाळीच्या कॉलनंतर सगळ्यांना गोल बसवून 'काय वाटलं ते सांगा' असा आग्रह नको. प्रसंग ताजा असताना सक्तीने उगाळून घेतल्याने फायदा दिसलेला नाही, काहींना त्रासच होतो. पाणी, थोडा वेळ आणि 'पुढचा अर्धा तास तुझे कॉल मी घेतो' एवढं पुरतं.

शिफ्टप्रमुख:

तिघांचेही मनापासून आभार. टार्गेटचा तक्ता लगेच काढतो. तिसऱ्या प्रश्नाचं सांगाल का? तो सहकारी हल्ली जेवायला कुणाबरोबर बसत नाही, चुका वाढल्यात, आणि विचारलं की 'मी ठीक आहे' म्हणतो. हा बर्नआउट असेल का?

अबोली_समुपदेशक:

ते ठरवणं तुमचं काम नाही, आणि ठरवायला जाऊही नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात) बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे: थकवा, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. नैराश्य मात्र घरी, सुट्टीत, आवडत्या गोष्टींतही सोबत येतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसू शकतं, म्हणून निदान तज्ज्ञाकडेच.

बोला मात्र नक्की. एकांतात, दोघांच्याही मागे पुढची मीटिंग नसताना. मत सांगू नका, दिसलेलं सांगा: 'गेल्या दोन आठवड्यांत तीन नोंदी चुकल्या, आणि तू एकटाच जेवतोस. तुझं असं सहसा होत नाही. कसं चाललंय?' मग गप्प बसा. ही शांतता अवघडते आणि आपण घाईने सल्ला देऊन मोकळे होतो. तिथेच संभाषण मरतं. परत 'ठीक आहे' आलं तर खोदू नका. 'बरं. पुढच्या गुरुवारी परत विचारीन,' म्हणा आणि खरंच विचारा. चुकांची चर्चा आणि ही चौकशी वेगळ्या दिवशी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर त्याला ती कारवाईची नांदी वाटेल.

बोलला तर कामातली सवलत मुदतीची द्या: चार आठवडे फोनऐवजी लेखी तक्रारी, मग एकत्र बसून आढावा. तारीख नसलेली सवलत माणसाला बाजूला टाकल्यासारखी वाटते. टीमला काय सांगायचं तेही त्यालाच विचारून ठरवा.

'जगण्यात अर्थ नाही' अशा अर्थाचं काही बोलण्यात आलं तर सरळ विचारा: 'स्वतःला संपवण्याचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर 'हो' असेल तर गुप्ततेचं वचन देऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत किंवा तातडीच्या सेवेपर्यंत सोबत जा. घरच्या कुणाला कळवायचं हे शक्यतो त्याच्याकडूनच घ्या.

त्रयस्थ:

एक जोड. त्याच्या लेखी तक्रारींच्या काळात त्याचे कॉल उरलेल्या सहा जणांवर पडतील. तेवढे आठवडे त्या पाळीचं टार्गेट आधीच लेखी कमी करून घ्या, म्हणजे राग त्याच्यावर निघणार नाही.