सल्ला हवाय: पहाटेच्या केळीच्या गाड्या आदल्या तारखेत पडताहेत, टाइमझोनचं काय करू?

रावेरकर:
नमस्कार मंडळी. इथल्या एका केळी व्यापाऱ्यासाठी पायथनमध्ये काट्याचं ॲप केलंय, गाडी काट्यावर आली की मोबाईलवरून एंट्री होते आणि त्या तारखेचा भाव लागून शेतकऱ्याची पावती निघते. सर्व्हर क्लाउडवर, त्याचं घड्याळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ. परवा पहाटे ४:१० ची गाडी आदल्या तारखेत गेली, भाव रोज बदलतो, त्यामुळे माणसाला क्विंटलमागे कमी पैसे लागले. तो पावती घेऊन आला तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं. मोबाईलची वेळ सर्व्हरच्या वेळेशी ताडून बघायला गेलो तर टाइपएरर, या दोन वेळांची तुलनाच होत नाही म्हणे, मग रिप्लेस लावून टीझेडइन्फो, म्हणजे वेळेला जोडलेला झोन, नन (रिकामा) केला, एरर गेला पण आता ॲप म्हणतं ही एंट्री साडेपाच तास पुढची आहे, घेणार नाही. सगळीकडे ५:३० मिळवून टाकू का?

भुसावळ_जंक्शन:
नको भो, हाताने ५:३० अजिबात मिळवू नको, चार महिन्यांनी कुठंतरी दोनदा मिळवले जातात आणि मग शोधत बसावं लागतं. तो एरर तुला वाचवायलाच आला होता. एका वेळेला झोन आहे, दुसरीला नाही, मग पायथन लहानमोठं ठरवणार कसं? आणि रिप्लेसने वेळ बदलत नाही, नुसती चिठ्ठी निघते, ४:१० तसेच राहतात आणि तू ते यूटीसीच्या आदल्या रात्रीच्या २२:४० शी ताडतोस. बदलायचं तर ॲजटाइमझोन वापर. सर्व्हरवर डेटटाइम डॉट नाऊ ला टाइमझोन डॉट यूटीसी दे, यूटीसीनाऊ सोड, ते झोन लावतच नाही आणि पायथन ३.१२ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे वापरू नका असं सांगितलंय.

तारखेचं मात्र वेगळं. आमच्या स्टेशनावर हे रोज दिसतं, मुंबईहून संध्याकाळी सुटलेली गाडी भुसावळला बारानंतर येते, गाडी तीच पण इथून चढणाऱ्याची तारीख पुढची, आणि लोक आदल्या दिवसाचं तिकीट काढून बसतात. म्हणजे क्षण एकच, तारीख कुठली ते जागेवर. साठवण आणि तुलना यूटीसीत कर, भाव लावताना झोनइन्फो या पायथनच्या मॉड्यूलने एशिया/कोलकाता, म्हणजे आपला झोन, करून मगच तारीख काढ. एका दिवसाच्या गाड्या काढायच्या तर आदल्या दिवसाच्या १८:३० यूटीसीपासून त्या दिवसाच्या १८:३० च्या आतपर्यंत, शेवटचा क्षण धरायचा नाही.

पांझराकाठ:
वरचं बरोबर. जुन्या कोडात पायटीझेड ही टाइमझोनची जुनी लायब्ररी असेल तर जपून, तिथला झोन थेट टीझेडइन्फोला दिला की ५:३० ऐवजी ५:५३ लागतो, कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ आहे ती. आमच्या रिपोर्टात २३ मिनिटं कुठून आली ते शोधण्यात दोन दिवस गेले. तिचंच लोकलाइज फंक्शन वापर, नाहीतर सरळ झोनइन्फोवर ये. आणि भारतीय वेळेसाठी नुसतं आयएसटी असं लिहू नको, इस्रायल आणि आयर्लंडचीही आयएसटीच आहे.

जळगावची_ताई:
एक भर घालते. झालेल्या गोष्टीला यूटीसी ठीक, पण पुढच्या ठरलेल्या वेळेला नाही. माझी लंडनच्या क्लायंटबरोबर दर आठवड्याला तिकडच्या दुपारी २ ची मीटिंग असते, ती इथे उन्हाळ्यात ६:३० ला आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत ७:३० ला. मी यूटीसी साठवलं होतं आणि घड्याळं बदलली त्या आठवड्यात तासभर उशिरा हजर झाले. तिथे स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही ठेवायचं. दादा, तुमच्या जुन्या पावत्यांचं काय केलंत पण?

रावेरकर:
ताई, तेच करतोय. मूळ यूटीसी वेळ डेटाबेसात शाबूत होती, म्हणून इथल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या सगळ्या एंट्र्या काढल्या आणि तारीख पुन्हा लावली. ४:१० ची गाडी आता बरोबर दिवसात दिसतेय. व्यापाऱ्याला यादी दिली, ज्यांना कमी लागलं त्यांचा फरक पुढच्या पावतीत जोडतोय, पहिलं नाव दारात आलेल्या त्या काकांचं.